मठार

बाही वर करा म्हटलं, तर त्यांनी अख्खा सदराच काढला.
डाव्या हातानं एकेक गुंडी सोडून,
नीट घडी घालून मांडीवर ठेवला.
दामोदर वडके, वय एकसष्ट, तांबट आळी.
तक्रार: उजव्या हातातून हातोडा निसटतो.
कधीपासून?
"शिमग्यानंतर एक घंगाळ बिघडलं. तेव्हापासून धरा."

आधी नुसतं बघायचं, असं शिकवतात.
हात लावायचा नाही. उजेडात बसवायचं आणि बघायचं.
सिव्हिलच्या या खोलीत उजेड एकाच खिडकीतून येतो,
त्र्यंबक रोडच्या धुळीसकट.
अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात
मांसाचा उंचवटा असतो, तिथे खड्डा.
आणि दंडावर, कातडीच्या आत,
काहीतरी उडत होतं. थांबायचं. मग खांद्याजवळ उडायचं.
सायीखाली दूध हलावं तसं.
"हे होय? महिनाभर चाललंय. दुखत नाही. गंमत वाटते."

गंमत हा शब्द मी कागदावर लिहिला नाही.
जो लिहिला तो त्यांना वाचता येणार नाही, अशा बेतानं लिहिला.

हात सैल सोडा.
"सैल म्हणजे कसा?"
चव्वेचाळीस वर्षं ऐरणीपुढे बसलेल्या माणसाला
हे आजवर कुणी सांगितलंच नसावं.
मग ढकला मला. ओढा. आता माझी दोन बोटं आवळा,
होता होईल तेवढी घट्ट.
"लागेल हं, बाई."
आम्ही दोघंही वाट बघत राहिलो, लागायची.

ताकदीला पाचपैकी मार्क देतात.
डाव्याला पाच. उजव्याला चार लिहिले,
खोडले, तीन लिहिले.

मी हातोडी काढली तसे ते खुलले.
"बघू." रबरी डोकं, लांब दांडी.
डाव्या तळव्यावर तोलून पाहिली.
"दांडी पार शेवटाला धरा. आणि मारू नका हो, पडू द्या.
उचलायचं काम तुमचं, पडायचं तिचं.
मठार करताना पोरांना हेच सांगतो,
मारलंत तर पोचा येतो, पडू दिलंत तर खडी उमटते."
आमचे सर दोन वर्षं हेच सांगतायत, इंग्रजीत.
मी पडू दिली.
कोपरापासून हात असा उसळला
की मांडीवरचा सदरा खाली गेला.
"बघा! आहे ना अजून जोर?"

सुकलेलं मांस आणि उसळणारा हात
एका माणसात एकत्र दिसू नयेत.
मी सदरा उचलून दिला.

डोळे मिटा. दोन्ही हात पुढे, तळवे वर.
"तीर्थ घेतो तसं?" तसंच.
उजवा तळवा हळूहळू आत वळला, खाली आला,
त्यांना न विचारता.
डोळे उघडल्यावर त्यांनी तो गुपचूप वर आणून ठेवला.

शेवटी बोटाच्या हाडावर चिमटा टेकवला, थरथरता.
थांबलं की सांगा.
या वेळी डोळे मिटा म्हणावं लागलं नाही.
बाहेर कुणीतरी नंबर पुकारत होतं,
शेजारच्या पडद्याआड एक पोर रडत होतं.
"तांबं नाही हे. पोलाद."
मग बराच वेळ काहीच नाही.
"आहे अजून.
आहे.
बारीक झालं.
गेलं."
मी चिमटा माझ्या मनगटाला लावून पाहिला. गेलंच होतं.
संवेदना: उत्तम, असं लिहिलं.
दिवसभरात तोच एक शब्द मी मराठीत लिहिला.

"संक्रांतीआधी अकरा बंब द्यायचेत. होईल ना?"
आधी विजेची तपासणी करू, म्हटलं.
मोठ्या डॉक्टरांना दाखवू. मुलाला सोबत आणा.
मुलाला आणा, म्हटल्यावर ते माझ्याकडे
खोट्या नादाच्या भांड्याकडे बघावं तसं बघत राहिले.

सदरा घातला. खालच्या तीन गुंड्या लागल्या, डाव्या हातानं.
वरच्या दोन तशाच.
मी पुढे झाले तर म्हणाले,
"राहू द्या. उकडतंय."
डिसेंबर होता.
निफाडात त्या सकाळी पारा सहावर होता.